एका कॉर्नेटची तीन पाकिटं

जगदेवरावांएवढा हट्टी माणूस शिंदे की छावनीत दुसरा नव्हता. हे वाचून कुणाला राग आला तर खुशाल भांडायला यावं. मंदावहिनी, म्हणजे त्यांची बायको, माझीच बाजू घेतील.

संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला, पलटणी मोडल्या. बावीस वर्षं पलटणीच्या बँडात कॉर्नेट, म्हणजे तीन कळांचा पितळी बाजा, वाजवणाऱ्या जगदेवरावांना पेन्शन मिळाली, कॉर्नेट मिळालं नाही. ते सरकारी. सरकारनं खोगिरं, तंबू, कढया आणि बँडाचे बाजे एकाच ढिगात टाकले आणि लिलाव पुकारला. ज्या बाजाला माणसानं बावीस वर्षं ओठ लावले तो कढईच्या भावात काढताना एकालाही लाज वाटली नाही. मला वाटली. पण मी पडलो लिलाववाल्याचा कारकून, माझ्या लाजेला विचारतो कोण?

ठेका लक्ष्मीकांतपंतांचा होता. पंतांनी पाकिटाची सोय काढली, ती छावनीतल्या मराठ्यांचा स्वभाव ओळखूनच. ह्यांच्या आजोबांनी घोडे उडवले, आता हे भंगारवाल्याच्या खांद्याला खांदा लावून "एक रुपया जास्त" म्हणून ओरडतील? मेले तरी नाही. म्हणून पाकीट. तुम्ही जास्तीत जास्त किती देणार तो आकडा लिहायचा, पाकीट बंद करायचं, घरी जाऊन बसायचं. बोली तुमच्या वतीनं मी लावायची, तीही लागेल तेवढीच. समोरचा दहा म्हणाला की मी अकरा. तो थांबला की मी थांबलो. तुम्ही पन्नास लिहिलेत तरी माल अकरालाच तुमचा. तो पन्नासाच्या वर गेला की तुमचं पाकीट खाली. कुणाचा आकडा, कुणाचं नाव, तोंडातून काढायचं नाही. तशी पंतांनी गणपतीसमोर माझ्याकडून शपथ घेतली होती.

सोय चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. खोट एकच. समोर माणूस उभा असला की आपण त्याचं तोंड बघून थांबतो. पाकीट कुणाचं तोंड बघत नाही.

पहिलं पाकीट जगदेवरावांचं. नंबर सात.

"चाळीस लिहिलेत, बळवंता. घरात कळता कामा नये. मंदा म्हणेल, चूल पेटवायची की बाजा फुंकायचा?"

दुसऱ्या दिवशी बँडातला ढोलवाला तुकोजी आला. "नऊ जणांचे पाच-पाच, पंचेचाळीस. जगदेव उस्तादांना भेट द्यायचीय. बोललास कुठं, तर ढोलात घालून बडवीन." नंबर अकरा.

आणि संध्याकाळी मंदावहिनी. पदर सावरत म्हणाल्या, "भावजी, मला लिहिता येत नाही. तुम्हीच लिहा. साठ."

"साठ! आणणार कुठून?"

"चांदीचे तोडे आहेत. पायाला जड होतात."

"वहिनी, ते तोडे मी पाहिलेत. मांजराच्या पायालाही जड व्हायचे नाहीत."

त्या हसल्या नाहीत. "सकाळी उठल्यापासून हे मांडीवर तीन बोटं वाजवत बसतात. बाजा नाही, नुसती बोटं. बघवत नाही हो. पण ह्यांना सांगू नका, नको म्हणतील." नंबर चौदा.

मी रात्रभर तळमळत राहिलो. पाटणकर बाजारचा पितळवाला शेठ वजनाचा हिशेब करून चोवीसला थांबणार, हे मला ठाऊक होतं. म्हणजे कॉर्नेट पंचवीसला जगदेवरावांच्या हातात. पण ही तीन पाकिटं एकमेकांवर चढणार, शेचाळीसला जाऊन थांबणार, आणि वहिनींचे तोडे जाणार. एकाच माणसाच्या मायेपोटी तिघं लढणार आणि तिघांच्या वतीनं लढणार कोण, तर मी.

पंतांना म्हटलं, "पंत, तिन्ही पाकिटं एकाच माणसासाठी आहेत."

"नियमात 'कुणासाठी' असं कुठं लिहिलंय? आकडा लिहिलाय. बोली लाव." रुपयाला एक आणा पंतांचा. ते कशाला थांबतात?

लिलावाच्या दिवशी अंगणाच्या भिंतीवरून मला जगदेवरावांचा फेटा दिसत होता. आत यायचं नाही, पण घरीही बसवत नाही. फाटकाशी एक टांगा पडदा लावून उभा. पलीकडे चहाच्या दुकानात तुकोजी. तिघांना एकमेकांचा पत्ता नाही.

शेठ चोवीस म्हणाला आणि थांबला.

"पंचवीस, पाकीट सात," मी म्हटलं. "सव्वीस, पाकीट अकरा. सत्तावीस, पाकीट चौदा. अठ्ठावीस, पाकीट सात..."

शेठ पोट धरून हसायला लागला. "अरे भैया, अपने आप से काहे लड़ रहे हो?"

प्रत्येक आकड्याला भिंतीवरचा फेटा थोडा खाली जात होता. तेहेतीसवर माझी जीभ अडली. पाकिटं हातात उलटी झाली होती आणि मागे पंतांनीच छापलेला नियम दिसत होता: पाकिटाचा मालक जातीनं हजर झाल्यास पाकिटातली बोली बाद. नाव तोंडातून काढायचं नाही, म्हणजे हाकही मारायची नाही, अशी माझी शपथ. पण बाजा फुंकायचा नाही, अशी शपथ मी घेतली नव्हती.

"शेठ, माल वाजतो की नाही ते बघून घ्या," म्हणत मी कॉर्नेट उचललं.

"हमें तो गलाना है, भाई!"

मी फुंकलं. म्हैस चिखलात रुतावी तसा आवाज निघाला. पुन्हा फुंकलं. टांग्याचं घोडं बिथरलं. तिसऱ्यांदा गाल फुगवले तोच भिंतीपलीकडून गर्जना आली, "थांब, हरामखोरा!"

जगदेवराव फाटकातून धावत आत आले. माझ्या हातातून कॉर्नेट हिसकावलं, माझी थुंकी धोतराच्या सोग्यानं पुसली आणि ओठांना लावलं. संध्याकाळी निशाण उतरवताना पलटण वाजवायची ती धून. शेठचं हसणं बंद झालं. चहाच्या दुकानातून टेबलावर ताल आला, मग ताल देणारा तुकोजीच आत आला. टांग्याचा पडदा सरला. वहिनी उतरल्या.

धून संपल्यावर मी मोठ्यानं नियम वाचला. "पाकीट सातचे मालक हजर आहेत. बाद. अकराचे?"

तुकोजीनं उस्तादांकडे बघत हात वर केला. "बाद."

"चौदाचे?"

"बाद करा, भावजी," वहिनी म्हणाल्या.

जगदेवराव एकदा तुकोजीकडे, एकदा वहिनींकडे बघत राहिले. पंत लालबुंद. "बळवंता!"

"छापखान्यात तुम्हीच गेला होता, पंत. शेठचे चोवीस कायम. पुढची बोली?"

जगदेवरावांच्या गळ्यात सगळं खानदान अडकलं होतं. मी म्हटलं, "आता तुमच्या वतीनं कोणी ओरडणार नाही. ती सोय संपली."

"पंचवीस," ते पुटपुटले.

"क्या बोले?" शेठनं कानामागे हात धरला.

"पंचवीस!" असा आवाज परेडवरही निघाला नसेल.

शेठनं आपल्या कढया उचलल्या. "ले जाओ, उस्ताद. फूँकनेवाला मिल गया, अब काहे का पीतल."

पंतांनी माझा अर्धा पगार कापला. मी त्यांना जे म्हणायचं ते म्हटलं, ते इथं छापता येणार नाही.

टांग्यात जगदेवराव विचारत होते, "साठ? तोडे विकणार होतीस?"

"आणि तुमचे चाळीस कुठून येणार होते?"

जगदेवराव सोग्यानं कॉर्नेट पुसायला लागले. मग हळूच, "पदक होतं ना. चांदीचं."

"पदक! मग वाजवताना छातीवर काय लावणार होता, माझे तोडे?"

माझ्याबरोबर टांग्यामागून चालणारा तुकोजी ओरडला, "उस्ताद, आमच्या पंचेचाळीसांचं काय करायचं?"

"जिलब्या," मी म्हटलं. मला कोणी विचारलं नव्हतं.

जगदेवरावांनी टांगा थांबवला आणि माझ्यावर बोट रोखलं. "तू उद्या सकाळी घरी ये. फुंकायचं कसं ते शिकवतो. पलटणीच्या बाजाची अशी बेअब्रू मी दुसऱ्यांदा ऐकून घेणार नाही."

गेलो. अजून जातो. अजून म्हैसच निघते, आणि वहिनी चहा देताना कानात बोटं घालतात.