कर्ण्याच्या आवाजातली टक्

"कुणाचा विश्वास बसणार नाही, सूनबाई, पण माझ्या आवाजानं डेपोतले तीन भोंगे फाटलेत. तुझ्या ह्या डबड्याची काय कथा!"

"डबडं नका म्हणू, बाबा. रुसेल ते," टेबलाखालून सूनबाई म्हणाली. तिचे फक्त पाय दिसत होते.

बस डेपोत गाड्या पुकारण्यात सासऱ्याची उभी हयात गेली. गावानं नावच ठेवलं होतं, कर्णा. अंधशाळेतल्या मुलांसाठी गोष्टी रेकॉर्ड करून द्यायचं त्यानं छाती फुगवून कबूल केलं, आणि आज त्या पाठवायच्या होत्या. पण प्रत्येक गोष्टीत मध्येच, टक्.

सूनबाईनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? वायफाय तोडलं. अँटीव्हायरस झोपवला. आवाज साठवणारा बफर वाढवला. माइकची वायर यूएसबीच्या जोडपट्टीतून उपटून थेट कॉम्प्युटरच्या पाठीत खोचली. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडकीवर रजया. घरातले सगळे घामाघूम आणि टक् आपली जागेवर.

"घ्या बाबा, परत."

"चिमणीनं चोचीत काडी उचलली..." कर्ण्यानं सुरुवात केली.

टक्. टक्.

"गंमत बघा," सूनबाई पडद्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही गप्प असलात की येत नाही."

"वजन गं! आवाजाचं वजन!" कर्णा हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती टक् कुठली, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. वरची कवळी सैल झाली होती. पण सूनबाई पहिल्यांदा घरी आली तेव्हा त्यानं तिला बत्तीशी दाखवून सांगितलं होतं, "एकूण एक दात माझा. अक्रोड फोडतो!" तेव्हापासून तो न्हाणीघराला कडी लावून दात धूत आला होता.

सूनबाई उठली. केसांत जळमट, कोपर खरचटलेलं.

"माझंच चुकतंय बाबा कुठंतरी. शाळेला फोन करते, मला जमलं नाही म्हणून. तुमच्यावर बोल नाही येऊ देणार."

आता तरी बोलावं म्हणून कर्ण्यानं तोंड उघडलं.

"चालायचंच," तो म्हणाला. "तू तरी काय करणार? यंत्रच नाजूक."

बोलला, आणि मान वर करायची त्याची छाती होईना. सूनबाईनं फोन उचलला.

दारात शेंगा सोलत बसलेली त्याची बायको हात पुसत आत आली. "बघू गं," म्हणत तिनं हेडफोन कानाला लावला. चिमणी ऐकली, चोच ऐकली. मग हेडफोन हळूच टेबलावर ठेवला.

"फोन खाली ठेव, पोरी. तुझा कॉम्प्युटर धडधाकट आहे. ह्या आवाजाच्या शेजारी बसून मी रोज जेवते. अहो, उठा, ती कवळी आधी घट्ट बसवून या."