सतरा नंबरच्या खुर्चीची कुस्ती

मित्रांनो, नाथा मंडपवाला मला भंगारात न्यायला आला आणि नेमकं त्याच वेळी टीव्हीवर एका गोऱ्या पैलवानानं दुसऱ्या गोऱ्या पैलवानाच्या पाठीत खुर्ची घातली.

“थर्माकोल,” नाथा म्हणाला.

एवढं एकच म्हणाला बिचारा. पण कुणासमोर म्हणाला? नवसाबाईसमोर. नवसाबाई माझ्यावर बसलेली होती. चहाची बशी ओठांपर्यंत आली होती, ती तिथंच थांबली.

“काय म्हणाले नाथाभाऊ?”

“खुर्ची थर्माकोलची आहे म्हटलं. वरून चंदेरी रंग मारलाय. सगळी नाटकं आहेत बाई. मारणारा पण पगारी, पडणारा पण पगारी.”

“पगारी तर मी पण आहे तुमची. म्हणून मी उचलते त्या खुर्च्या थर्माकोलच्या झाल्या का?”

घर सावित्रीबाईंचं, टीव्हीही त्यांचाच. त्या आत भजी तळत होत्या, तिथूनच खो-खो हसल्या. शेजारचा गोरक्ष रिक्षावाला दर शनिवारी दुपारी फुकटची कुस्ती बघायला उंबऱ्यावर येऊन बसायचा. त्यानं लगेच काडी टाकली, “लावा पैज! लावा!”

नाथा पेटला. “अरे, माझी हयात खुर्च्यांत गेली! चांगली लोखंडी खुर्ची कुणी माणसाच्या पाठीत घालून वाकवील का? नुकसान कोण भरणार? माझी एक खुर्ची मोडली तर मी लग्नघराला बारशापर्यंत सोडत नाही!”

“मग लावा,” नवसाबाई म्हणाली. “पुढच्या शनिवारी वर्षातली सगळ्यात मोठी महाकुस्ती आहे. त्यात खुर्ची निघणारच. खोटी ठरली, तर तुमच्या बेचाळीसच्या बेचाळीस खुर्च्या मी माझ्या हातानं भंगाराच्या गाडीत भरीन आणि जन्मात कुस्तीचं नाव काढणार नाही.”

“आणि खरी ठरली तर?”

“तर एकही विकायची नाही. आणि चौदा एप्रिलला गोडाऊनपासून समाजमंदिरापर्यंत सगळ्या तुम्ही वाहायच्या. माझ्यासारख्या. या हातात तीन, त्या हातात तीन. मधे टेकवायच्या नाहीत. दर फेरीला चौकात ओरडायचं.”

“काय ओरडायचं?”

“ते मी नंतर सांगते.”

गोरक्षनं दोघांचे हात एकमेकांच्या हातात देऊन वर आपला हात मारला. झाली पैज. माझा जीव टांगणीला, आणि मला कुणी विचारलंही नाही!

आता मी कोण ते ऐका. मी घडीची लोखंडी खुर्ची. जुनी आहे, ते लपवत नाही. पंच्याऐंशी साली सातपूरच्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. वेल्डिंगवाल्यानं पाइप वाकवला, बैठकीला जाड पत्रा ठोकला, चार रिबिटा मारल्या आणि हिरवा रंग फासला. नाशिकरोडच्या सम्यक कॉलनीतल्या नाथानं मला घेतलं आणि पाठीवर पांढऱ्या रंगात सतरा नंबर टाकला.

आमच्यात एक्केचाळीस साध्या आणि मी एक अवली. बिजागरीत बोट आलं की मी कचकन मिटायची. माझा एक स्क्रू जरा बाहेर होता, त्याच्यात नव्या पँटी अडकायच्या. एका पुढाऱ्यानं माझ्यावर बसून तास भाषण ऐकलं. टाळ्या वाजवायला उठला तेव्हा निम्मी पँट माझ्याकडे! लोक म्हणाले, भाषणापेक्षा हे बरं झालं. मित्रांनो, मला जराही पश्चात्ताप नाही.

पण काम मी चोख केलंय. लग्नं, साखरपुडे, शोकसभा, शाळेची गॅदरिंगं, सगळं बघितलं. इगतपुरीच्या एका लग्नात मंडप फाटला. सगळं वऱ्हाड पळालं, आम्ही बेचाळीस जणी तशाच पावसात दोन दिवस. तिथं माझ्या पायाला पहिला गंज लागला. लोक बसायचे, उठायचे, जेवायला जायचे. खुर्चीला कुणी ‘बरं वाटलं’ म्हणत नाही. म्हणायची ती एकटी नवसाबाई. अकरा वर्षं तिनं आम्हाला उचललं. कार्यक्रम संपला की जुन्या लुगड्याच्या बोळ्यानं पुसायची, सांध्यात तेलाचे दोन थेंब सोडायची. तिचं बोट मी एकदाही चिमटलं नाही. मलाही काही रीतभात आहे.

मग लाल प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. हलक्या! एकावर एक रचल्या की हातगाडीवर एकटा माणूस पन्नास नेतो. नाथाचे डोळे फिरले. त्यानं नवसाबाईला सांगितलं, “एप्रिलनंतर बघू गं कामाचं.” बघू म्हणजे काय, ते तिला कळलं होतं. आम्ही गेलो की तिचंही काम गेलं. पोरगी संध्या तेव्हा बारावीला होती. बाई घरी काही बोलली नाही. पण त्या आठवड्यात तिनं मला दोनदा तेल घातलं.

बाकीच्या एक्केचाळीस गोडाऊनमध्ये गळक्या पत्र्याखाली पडून होत्या. मी सावित्रीबाईंच्या नातवाच्या बारशाला आले आणि इथंच राहिले. सहा वर्षं झाली. नाथा दरवर्षी मोजायचा, एक कमी यायची, तो माणसांना शिव्या द्यायचा. मी इथं टीव्हीसमोर मजेत! यंदा भंगारासाठी मोजताना कुणीतरी त्याला माझा पत्ता दिला.

तर या सहा वर्षांत मी सगळी कुस्ती पाहिली, आणि माझी मतं पक्की आहेत. पैलवान आत यायला जेवढा वेळ घेतात तेवढ्यात आमच्याकडे एक लग्न लागतं. पंच नेमका खुर्ची निघाली की दुसरीकडे बघतो, त्याला आधी चष्मा द्या. जिंकणाऱ्याला पट्टा मिळतो, हरणाऱ्याला टाळ्या. आणि जिनं खरं काम केलं ती खुर्ची रिंगखाली उताणी! आणि खोटी, खोटी म्हणून नाक मुरडतात ना, ते पहिले येऊन पुढची जागा धरतात. लग्नात सनईची टेप लागते, फोटोसाठी नवरी परत एकदा हार घालते, ते चालतं तुम्हाला. मग कुस्तीच्याच मागे का लागता?

नवसाबाईचंही तेच म्हणणं. तिला इंग्रजी कॉमेंट्री कळायची नाही, म्हणून पैलवानांची बारशी तिनंच केली होती. दोनशे किलोचा तो डोंगऱ्या. केस बांधलेला तो शेंडीवाला. शेंडीवाल्यावर तिचा भारी जीव.

शनिवार आला. दोन वाजायच्या आत सावित्रीबाईंची खोली भरली. खिडकीबाहेर पण माणसं. नाथानं मुद्दाम आपली नवी लाल प्लास्टिकची खुर्ची आणली आणि माझ्या शेजारी टेकवली. मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“ऐका रे,” नवसाबाईनं आधीच सांगून टाकलं. “मारणारा सपाट बाजूनं मारील. पत्रा असा पूर्ण पाठीवर बसला की आवाज मोठा येतो, पण हाड मोडत नाही. कड लागली तर माणूस गेला. हे शिकावं लागतं. मी अकरा वर्षं खुर्च्या उचलते, मला कड कुठं लागते ते माहिती.”

“म्हणजे नाटकच ना?” नाथा.

“नाटक नाही. कसब.”

पोरांनो, हे ऐकून घरी भावाच्या पाठीत खुर्ची घालू नका हं. ते पैलवान वर्षानुवर्षं पडायला शिकतात. तुम्ही नुसते रडाल, आणि वर माझ्यासारखीला नावं ठेवाल.

कुस्ती सुरू झाली. डोंगऱ्यानं शेंडीवाल्याला उचलून आपटला, दोनदा. नवसाबाई माझ्या कडा घट्ट धरून बसली. शेंडीवाला सरपटत रिंगबाहेर गेला आणि खुर्ची घेऊन आला. पंच? दुसरीकडे बघत होता, आणखी काय!

धाण्ण!

डोंगऱ्याच्या पाठीत. पूर्ण सपाट बाजूनं. माझ्या चारही रिबिटा झिणझिणल्या. आपल्या जातीचा आवाज ओळखू येतो, मित्रांनो.

“बघा! पत्रा वाकला!” नवसाबाई ओरडली.

“काय बघा? आवाज मशिनीतून काढतात,” नाथा म्हणाला. “आणि वाकला असेल तर थर्माकोल पण वाकतो.”

“थर्माकोल तुटतो नाथाभाऊ, वाकत नाही,” सावित्रीबाई आतून.

“पातळ पत्रा असेल मग! डब्याचा!” नाथा हटेना. गोरक्ष डोकं खाजवायला लागला. लोक कुजबुजायला लागले. खरंच, पडद्यातून हात घालून वजन कोण करणार? माझ्या डोळ्यांसमोर भंगाराचा काटा आला.

तिकडं कुस्ती संपली होती. डोंगऱ्या पाठ धरून पडला होता, त्याला उठता येईना. टाय लावलेला एक म्हातारा डॉक्टर धावत आला. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि पडलेली तीच खुर्ची उचलली, डोंगऱ्याला बसवायला. कॅमेरा त्याच्यावरच होता. बैठकीच्या पत्र्याला हा एवढा खड्डा. तो उघडायला गेला. अर्धी उघडली आणि अडकली. त्यानं ओढली. अडकलेलीच. आणखी जोरात ओढली.

आणि माझ्या शेजारी काहीतरी व्हायला लागलं. नाथाचा पाय हलायला लागला. मग हात. डॉक्टरनं तिसऱ्यांदा चुकीच्या बाजूनं ओढली, तसा नाथा ताडकन उभाच राहिला.

“अरे ओढू नको! येड्या, ओढू नको! पत्रा वाकलाय, रिबिट अडकलीय! मागच्या आडव्या पाइपला गुडघा मार! गुडघा! डाव्या बाजूनं!”

काय योग बघा. डॉक्टरनं खुर्ची फिरवली आणि वैतागून डाव्या बाजूनं गुडघा हाणला. खट! खुर्ची उघडली. दोनशे किलोचा डोंगऱ्या धपकन बसला. खुर्ची वाकडी झाली, पण हटली नाही. शाब्बास गं बाई, म्हटलं मी मनात.

“हां! अश्शी!” नाथानं टाळी वाजवली. “बेकार खुर्ची नाहीये, बरं का. पाइप चांगला जाड आहे!”

मग गोरक्षनं अगदी सावकाश विचारलं, “नाथाभाऊ, थर्माकोलला रिबिट कुठल्या बाजूला असते हो?”

खोली हशानं फुटली! सावित्रीबाईंच्या हातातला झारा खाली पडला. खिडकीबाहेरचे लोक आत काय झालं ते न कळताच हसायला लागले. त्या गडबडीत पट्टा कुणाला मिळाला ते कुणीच बघितलं नाही. मला आजही माहीत नाही.

नवसाबाई हसली नाही. तिनं बसल्या जागी डोळे पुसले आणि म्हणाली, “काय ओरडायचं ते सांगते आता.”

चौदा एप्रिलला कॉलनी निळ्या झेंड्यांनी भरली होती. सगळे पांढऱ्या कपड्यांत. नाथाही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. गोडाऊनमधून माझ्या एक्केचाळीस जणी निघाल्या, मी सावित्रीबाईंच्या घरून. या हातात तीन, त्या हातात तीन. सात फेऱ्या. चौकात आला की नाथा थांबायचा, मान खाली घालायचा आणि ओरडायचा, “खुर्ची लोखंडी! कुस्ती कसबाची! मला काय कळतंय!”

“ऐकू नाही आलं!” पोरं ओरडायची.

“मला काय कळतंय रे!”

तिसऱ्या फेरीला शर्ट पाठीला चिकटला. पाचव्या फेरीला गोरक्ष म्हणाला, “बाई, रिक्षात टाकू का सहा?” नवसाबाई म्हणाली, “मला अकरा वर्षांत कुणाची रिक्षा मिळाली?” सहाव्या फेरीला नाथा नळापाशी थांबला, धापा टाकत म्हणाला, “नवसाबाई, हे तू रोज...?” टेकवल्या मात्र नाहीत. शब्दाचा पक्का निघाला, हे मी कबूल करते.

मित्रांनो, मला दया नको. म्हातारी झाली बिचारी, ठेवा कोपऱ्यात, असलं तर मुळीच नको. मला काम द्या. बसा माझ्यावर, नाचा, वर चढून पताका लावा. फक्त पावसात सोडू नका आणि सांध्याला तेल द्या. आणि ज्या हातांनी आम्ही मांडल्या जातो, त्यांना एखाद्या दिवशी खाली बसू द्या. एवढं जमत नसेल तर बोटं सांभाळा.

सातव्या फेरीत मी होते. नाथानं मला समाजमंदिरापुढं नेलं, पहिल्या ओळीत मधोमध उघडून ठेवलं आणि म्हणाला, “बस, नवसाबाई.”

तिनं पदर सारखा केला. अकरा वर्षं ती कार्यक्रमाला मागच्या भिंतीला टेकून उभी असायची. पुढच्या ओळीत ती पहिल्यांदाच आली. बसली. इकडं झुकली, तिकडं झुकली.

“नाथाभाऊ, डुगडुगतेय.”

सगळी कॉलनी बघत होती. नाथानं खिशातून कार्यक्रमाची पत्रिका काढली, तिची चौपदरी घडी केली, पांढऱ्या पँटीसकट मातीत गुडघे टेकले आणि ती माझ्या पायाखाली सारली.

“आता?”

“अजून थोडी,” नवसाबाई म्हणाली.