साहेबांचा जपानी बेत

महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. विहिरींवरचे पंप बघायला जपानहून एक तज्ज्ञ बुलढाण्यात येणार असं पत्र आलं आणि गटविकास अधिकारी नारायणरावांना एका दिवसात सगळा जपान कळला. कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं होतं, की जपानी माणूस डुकराचं मटण आलं-गूळ घालून अर्धा दिवस मंद आचेवर शिजवतो. पाहुण्याला तेच खाऊ घालायचं. तसं त्यांनी कलेक्टरसाहेबांना कळवूनही टाकलं. प्रश्न उरला एवढाच, की रांधायचं कुणाच्या घरी? स्वतःच्या घरी विचारलं असतं, तर पत्नी कोकिळाबाईंनी त्यांना मासिकासकट बाहेर काढलं असतं.

मग त्यांना आपल्या कचेरीतला कारकून दयाराम आठवला. तीन वर्षांत साहेब त्याच्या दारी कधी फिरकले नव्हते. आज मासिकातला बेत घेऊन आले, पण उंबऱ्याबाहेरच थांबले. दयारामची बायको सिंधूताई ज्वारी निवडत होती.

"सिंधूबाई, तुमच्यात हे करतातच. तुम्हाला काय अवघड?"

"आमच्यात बुद्धवंदना करतात साहेब," सिंधूताई म्हणाली. "डुक्कर मी जन्मात शिजवलं नाही. तुमी मासिकात तरी पाह्यलं, म्या तेही नाही."

दयाराम मान खाली घालून उभा होता. त्याच्याकडे बघून ती शेवटी म्हणाली, "रांधीन. पण पंगत आमच्याच घरी बसन. अन् पाहुण्याच्या बाजूले तुमी."

साहेबांना हो म्हणावं लागलं. कलेक्टरसाहेबांना कळवून बसले होते ना!

त्यांनी घरचा कोळशावरचा कुकर पाठवला, 'परत नको' असा मोठ्या मनाचा निरोपही धाडला. रोहिणखेडच्या शेतकऱ्यानं ज्वारीत शिरलेलं रानडुक्कर मारलं होतं, त्याचं मटण आलं. सिंधूताईनं पहाटेच निखारे भरले. आलं, लसूण, गूळ, मुंबईहून मागवलेला बाटलीतला सोयाबीनचा काळा खारट रस, आणि मासिकाला न विचारता चार सुक्या मिरच्या.

साहेब पाहणीला आले. आठ वाजता गल्लीच्या तोंडाशी थांबले, दहा वाजता अंगणात. बारा वाजता असा वास सुटला, की ते थेट कुकरपाशी येऊन उभे राहिले. उंबरा कधी ओलांडला ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. सिंधूताईच्या मात्र आलं.

पाहुण्यानं दारात जोडे काढले आणि सिंधूताईला कमरेत वाकून नमस्कार केला. कचेरीतलं कुणी तिच्यापुढे एवढं कधी वाकलं नव्हतं. तो मांडी घालून बसला, पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि दुभाष्याला काहीतरी म्हणाला.

"असं मटण त्यांनी आजवर कधीच खाल्लं नाही," दुभाष्या म्हणाला. "विचारतायत, हा बुलढाण्याचा खास पदार्थ का?"

नारायणरावांनी मान डोलावली. "हो तर! आमची जुनी परंपरा."

"मग तुम्ही का खात नाही?" पाहुण्यानं दुभाष्याकरवी विचारलं.

आता परंपरेपुढे इलाज नव्हता. साहेबांनी एक तुकडा भाकरीत लपवून तोंडात टाकला. दुसरा न लपवता. मग वाटीच पुढे केली. "रस्सा आहे का अजून?"

दुसऱ्या दिवशी दयाराम कचेरीतून तापून आला. "साहेब सगळ्याइले सांगून राह्यले, मी नुसता भाकर-कांदा खाल्ला म्हणून!"

"सांगू द्या. तिसरी वाटी मागताना मले काय म्हणाले, आयकलं नाही तुमी? 'वहिनी' म्हणाले."

"मंग कचेरीत काऊन तसं बोलत नाहीत?"

सिंधूताई उठली. तिनं त्याला पाणी दिलं आणि मेथी निवडायला बसली.