ज्ञानूची हाळी

"ह्येच्यात त्येंची हाळी हाय," असं म्हणून मायाक्कानं विहिरीत पडलेला फोन काउंटरवर ठेवला. "तेवढी काढून द्या."

नवी पेठेतल्या हातभर दुकानात बसवेश वीस वर्षं मोबाइल दुरुस्त करत होता. बाई सांगोल्याकडची होती. महिन्यापूर्वी तिचा नवरा ज्ञानू गेला, आणि मेंढरं त्याच्या हाळीशिवाय कुणाला जुमानत नव्हती. आपण बाजाराला गेलो की मागं तिला लावता यावी म्हणून त्यानंच ती फोनमध्ये भरून ठेवली होती. आतली मेमरी काढून नव्या, वेगवान प्रोसेसरच्या फोनात घाला, असं दीर म्हणाला होता.

"तसलं काय करायचं न्हाई," बसवेश म्हणाला.

जुन्या फोनांत ते चालायचं. त्याच जोरावर, बायको महानंदा गेल्यावर, त्यानं तिच्या बंद फोनची मेमरी वेगवान बोर्डावर बसवली आणि जुना बोर्ड प्रोसेसरसकट भंगारात दिला. आताच्या फोनांत मेमरीला कुलूप असतं आणि किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरच्या पोटात, हे या शहाण्याला नंतर सुचलं. तीन दिवस त्यानं भंगार उपसलं. तेव्हापासून नखाएवढी ती चिप काडेपेटीत, काडेपेटी ड्रॉवरमध्ये. कन्नडमध्ये 'जेवलात का' विचारणारी महानंदा तिच्यात शाबूत होती. दुकानात एकटा असला की ड्रॉवरमधून कुणी बोलल्याचा त्याला भास व्हायचा, आणि त्याला भीती वाटायची ती आवाज थांबण्याची.

ज्ञानूचा प्रोसेसर जुनाट, संथ. पण किल्ली त्याच्यापाशीच होती. त्याच्याखालचे सोल्डरिंगचे टाके पाण्यानं गंजले होते. गरम हवेनं तो उचलून, साफ करून पुन्हा बसवायचा होता. हवा जरा जास्त लागली की संपलं. दोनदा बसवेशनं काम थांबवलं. मायाक्का स्टुलावरून हलली नाही.

फोन चालू व्हायला फार वेळ लागला. मग ज्ञानूची लांबलचक हाळी दुकानभर घुमली. मायाक्कानं घाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि दाराकडं बघितलं.

निघताना ती म्हणाली, "तुमी येवढं जाणता. तुमच्या मानसाचा आवाज बी ठिवला असंल की."

"ठिवलोय की," तो म्हणाला.

ती गेली. दुपार टळून गेली होती. बसवेशनं ड्रॉवर उघडून काडेपेटी बाहेर काढली, डब्याशेजारी ठेवली, आणि जेवायला बसला.