काचेच्या आतला अंगठा

हर्षाली आयुष्यात कधी विमानात बसली नाही. पण शेखर सरांच्या मिग-२१ मध्ये वैमानिकाच्या उजव्या हाताला किती खटके आहेत, ते तिला विचारा. सत्तावीस. एकेक खटका तिनं चिमट्यानं उचलून, श्वास रोखून डकवलेला. श्वास रोखायचा, कारण खटका खसखशीच्या दाण्याहून लहान. नाकातून वारा सुटला की गेला. मग ती आणि सर फरशीवर गुडघे टेकून मोबाइलच्या उजेडात शोधत बसणार. सरांना तर काही दिसायचंच नाही, ते नुसते सोबतीला वाकायचे.

सर म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. गंगापूर रोडला फ्लॅट, हॉलमध्ये काचेचं कपाट आणि कपाटात चाळीस विमानं. सगळी प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून केलेली. या छंदातल्या लोकांत सरांचं नाव मोठं. मग साखरेनं डोळे खाल्ले, बोटं थरथरायला लागली. मोठे भाग अजून जमायचे, फवाऱ्यानं रंग मारणं जमायचं. पितळेचं काम मात्र हातातून गेलं.

पितळेचं काम सोपं नाही. प्लॅस्टिकच्या साच्यातून खटका, पट्ट्याचं बक्कल, आरशाची चौकट इतकं बारीक निघत नाही. म्हणून पितळेचा कागदासारखा पातळ पत्रा वेगळा मागवायचा. त्यावर हे भाग रसायनानं कोरून काढलेले असतात. एकेक कापायचा, कड घासायची, वाकवायचा आणि सुपरग्लूच्या टिपक्यानं बसवायचा. टिपका मोठा झाला की सगळं बरबाद.

हर्षालीनं अंबडच्या एका कारखान्यात अकरा वर्षं भिंगाखाली सर्किटांचं सोल्डरिंग केलेलं. कारखान्यात मशीन आलं, बायका घरी गेल्या, आणि सरांनी तिला या पितळेच्या कामाला ठेवलं. सिन्नरकडची बाई, बोलायला फटकळ. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं होतं,

"हे कुणाला दिसणार ओ सर? वरून काच बसली की आत सगळा अंधार."

"कुणाला दिसलं नाही तरी आपल्याला माहीत असतं ना," सर म्हणाले.

हे तिला पटलं. इतकं पटलं की एकदा पत्र्याच्या कडेनं अंगठा आडवा चिरला, तरी चिंधी बांधून तिनं त्या दिवसाचं काम पुरं केलं. जखम भरली, पण अंगठ्यावर आडवी रेघ राहिली.

जुलैत प्रदर्शनाचा फॉर्म आला. त्यात दोन गट होते, एकट्याचं काम आणि जोडीचं काम. सर आपणहून म्हणाले, "जोडीत टाकू. विमानापुढच्या कार्डावर दोघांची नावं." तिनं मागितलं नव्हतं. पण न मागता मिळालेला शब्द जास्त खोल रुततो. संध्याकाळी तिनं आईला फोन करून सांगितलंसुद्धा. आई म्हणाली, "मंग पेपरात येशीन का गं?"

शिवणाच्या सुईचं नेढं अर्धं कापलं की दोन टोकांमध्ये सुपरग्लूचा नेमका एक थेंब बसतो, ही तिची युक्ती. मायेनं घासून घासून बनवली होती तिनं सुई. ऑगस्टात सरांनी यूट्यूबवर व्हिडिओ टाकला. "मी एक छोटीशी क्लृप्ती शोधली आहे," सर सांगत होते. पडद्यावर हात दिसत होते हर्षालीचे, आवाज सरांचा.  कार्डाची वाट बघू, असं ती मनाशी म्हणाली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, शेवटचं काम उरलं, वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेला आतून तीन आरसे. ते तिनं पांढऱ्या फेविकॉलनं लावले. काचेजवळ सुपरग्लू नको, त्याची वाफ काचेवर चढते, हे तिला सरांनीच शिकवलेलं. चौकट बसेपर्यंत आतून अंगठा दाबून धरला, आणि काच नुसती वर ठेवून ती घरी गेली.

ती गेल्यावर एक आरसा सुटला. सरांना घाई झाली. त्यांनी स्वतः सुपरग्लूचा टपोरा थेंब टाकला, काचही त्यानंच चिकटवली आणि विमान थर्माकोलच्या खोक्यात घालून वर झाकण लावलं.

रविवारी सकाळी प्रदर्शनाच्या हॉलमध्ये खोकं उघडलं तर काच दुधासारखी पांढरी. आणि त्या पांढऱ्यात, आतल्या बाजूनं, एक अंगठा. रेघारेघांसकट, सुबक. मधून आडवी चीर गेलेली.

शेजारच्या टेबलावर मालेगावचा हुजैफा आपलं जहाज मांडत होता. तो वाकून बघायला लागला.

"सर, पोलीस असेच ठसे काढतात. जिथं बोटाचा घाम लागलेला असतो, तिथं ही वाफ जाऊन बसते." मग आणखी जवळ गेला. "पण ठसा तुमचा नाही वाटत. लहान आहे."

सरांनी काचेवर रुमाल टाकला. "तू तुझं जहाज बघ रे."

हर्षालीचं लक्ष तेवढ्यात कार्डाकडे गेलं. जाड पांढरं कार्ड, छापील अक्षरं. सरांचं नाव, त्याखाली कॉलेजचं नाव, त्याखाली 'एकट्याचं काम'. बस्स.

"सर, जोडीत टाकणार होते ना तुम्ही?"

"अगं, जोडीच्या गटाला कुणी विचारत नाही. तिथं बापलेक येतात हौसेनं. पुढच्या वर्षी नक्की. आधी हे बघ, परीक्षक तासाभरात येतील. काच काढता येईल का? माझ्यानं तुटेल ती."

बघा गंमत. माणसाचा पुरावा समोर उमटलाय, आणि तो पुसायलाही त्याच माणसाचे हात हवेत. दुसऱ्या कुणाच्या हातून काच निघाली नसती. काचेबरोबर आरसे, चौकट, खटके, पाच महिन्यांचं काम ओरबाडून आलं असतं.

नाही म्हणावं, असं तिच्या मनात आलं. पिशवी उचलायची आणि सिटीलिंकची बस धरायची. राहू दे पांढरी काच, होऊ दे शोभा. पण शोभा कुणाची झाली असती? ते सत्तावीस खटके तिचे होते. ते पांढऱ्या धुक्याआड मरू द्यायचे?

तिनं खुर्ची ओढली. पात्याचं टोक काचेच्या कडेत सरकवलं आणि केसभर केसभर पुढे नेत राहिली. वीस मिनिटांनी काच हातात आली, अख्खी. मऊ फडक्यावर टूथपेस्ट घेऊन आतून घासत बसली. दूध गेलं. अंगठा गेला. काच लखलखीत झाली.

सर तोवर कुणाशी तरी हसून बोलत होते.

हर्षालीनं सरांकडे पाहिलं. मग कपाळावरून अंगठा फिरवला, घाम घेतला, आणि काचेच्या आत मागच्या बाजूला शांतपणे दाबला. सुई घेतली. वैमानिकाच्या खुर्चीमागं, जिथं कुणाची नजर जात नाही, सुपरग्लूचे दोन थेंब सोडले. आणि काच फेविकॉलनं बंद केली. बाहेरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

सर आले. "वा! हात आहेत की काय तुझे!"

"सर, आत अंगठा लावलाय मी."

"काय?"

"वाफ सोडलीय आत. आत्ता नाय दिसणार, उद्यापर्यंत उमटंल."

सरांचा चेहरा उतरला. आवाज खाली आला. "मला अडवतेस? मी तुला काम दिलं, शिकवलं..."

"शिकवलं ना. लय चांगलं शिकवलं. म्हणून तर लपवून नाय केलं, तोंडावर सांगितलं. पेन हाय तुमच्या खिशात. कार्डावर जागा हाय."

सरांनी पेनाला हात लावला. लावला, हे खोटं नाही. पण परीक्षक दोन टेबलांवर आले होते, आणि तीस वर्षांची एकट्याच्या नावाची सवय अशी दोन टेबलांत सुटत नाही.

परीक्षक बाई भिंग घेऊन वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. "हे आरसे... सर, या वयात? कसे बसवले हो?"

"सवय," सर म्हणाले.

पहिलं बक्षीस मिळालं. टाळ्या झाल्या. हर्षालीनं सुई चिंधीत गुंडाळली, पिशवीत टाकली आणि बसस्टॉपवर गेली. रागानं डोकं फुटेल असं वाटलं होतं, तसं काही फुटलं नाही. बसमध्ये ती खिडकीशी बसून विचार करत राहिली. नाव छापतात ते कागदावर. कागद कुणीही छापून घेतं. कपाटातल्या चाळीस विमानांमागं अजून कुणाकुणाचे हात असतील? सर म्हणतील, माझेच. असतीलही. पण या एकाचं तिला माहीत होतं. सरांनाही माहीत होतं. आणि आता काचेलाही माहीत झालं होतं.

सोमवारी ती भांडी घासत असताना फोन आला.

"उमटलाय," सर म्हणाले.

"चीर दिसती का?"

"स्पष्ट दिसते." मग हळू आवाजात, "पाहुणे यायचेत विमान बघायला. येऊन काढशील?"

"काढीन. आधी आयोजकांना लिहा, जोडीचं काम होतं म्हणून."

"बक्षीस परत जाईल, हर्षाली."

"जाईल."

"चारचौघांत माझं काय राहील?"

"रंग तुमचाच हाय की सर. सांगाडा तुमचा. ते कुठं म्या माझं म्हणलं?" तिनं ओला हात साडीला पुसला. "आणि नसंल लिहायचं, तर राहू द्या अंगठा. माझं काय बी अडत नाय. कपाटात माझी सही बसली."

 पलीकडे एक खुर्ची सरकली. कागद फडफडला. सरांना कागदावरचं दिसत नसे, डोळ्याजवळ धरून लिहावं लागे, हे तिला माहीत होतं. ती थांबली. घाई करण्यात अर्थ नव्हता.

"हर्षाली..." सर अडखळले. "तुझं पूर्ण नाव काय गं?"

पाच महिने. रोज सकाळी दहा ते पाच. एका भिंगाखाली दोन डोकी.

तिच्या ओठांवर शिवी आली होती. ती तिनं गिळली. नळ बंद केला, म्हणजे नीट ऐकू जाईल.

"लिहा," ती म्हणाली. "हर्षाली. केरू. शिरसाठ. सावकाश लिहा सर, मी थांबते."