थर्मासात बर्फाच्या कांड्या

मी एक जुना थर्मास आहे. अंगाने पोलादी, रंगाने हिरवा, तोंडाने रुंद. खांद्याजवळ एक पोचा आहे आणि तळाचा रंग केव्हाच उडाला आहे. मित्रांनो, इतकी वर्षं राबून मी थकलो आहे, तेव्हा माझी हकिकत जरा सावकाश सांगेन. तुम्हीही सावकाश ऐका.

आधी माझ्या पोटातली गंमत सांगतो. माझ्यात एकाच्या आत एक अशी दोन भांडी आहेत आणि त्यांच्या मधली हवा काढून टाकलेली आहे. त्यामुळे आतली ऊब बाहेर जात नाही आणि बाहेरची आत येत नाही. लोकांना वाटतं, थर्मास फक्त गरम ठेवतो. तसं नाही. तुम्ही जे द्याल ते मी तसंच ठेवतो, गरम तर गरम, थंड तर थंड. त्यात माझी निवड नसते.

एकोणीसशे एकोणसत्तरच्या हिवाळ्यात आयझॅकने मला एका सेलमधून उचललं. आयझॅक मूळचा रेवदंड्याकडचा, बेने इस्रायली घरातला. तो फिटर होता आणि बायको मिरियमसह नुकताच कॅनडात, टोरंटोजवळच्या स्कारबरोत राहायला आला होता. त्याची शिफ्ट सातला सुरू होई. साडेपाचला तो उठायचा, दिवा न लावता स्वयंपाकघरात यायचा, अर्धवट झोपेतच केटलचं उकळतं पाणी माझ्यात ओतायचा, मग चहाच्या पुड्या, साखर आणि दुधाची पावडर. मिरियमची झोप मोडू नये म्हणून तो दिवा लावत नसे. मग ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचा, मला काखोटीला मारायचा आणि बसस्टॉपवर जायचा. असं पंधरा-सोळा वर्षं चाललं. फॅक्टरीतले लोक म्हणत, "आयझॅक, तुझा चहा दुपारीसुद्धा तोंड भाजतो!" तेव्हा मी मनातून फुगायचो.

मधल्या काळात मिरियमला डायबेटीस जडला. सकाळी न्याहारीआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी तिला इन्सुलिन टोचून घ्यावं लागे. हे औषध आमच्या टोरंटोतच शोधलेलं, पण मोठं नाजूक. ते थंड ठेवावं लागतं. कडक उष्णता लागली की वाया जातं.

मग पंच्याऐंशी सालचा उन्हाळा आला. आयझॅकचा मित्र गुरुदत्त कॅल्गरीत इंजिनीअर होता. त्याचा फोन आला. "अरे, हे रॉकीजचे डोंगर बघून बघून माझी मान दुखायला लागली. चला, चीनमधली खेडी बघू. गाडी, ड्रायव्हर, गाइड, सगळं ठरवतो. वहिनींना विचार."

मिरियम आयझॅकच्या मागूनच ओरडली, "विचारायचं काय त्यात? मी येतेय!"

असे आम्ही दक्षिण चीनमध्ये पोहोचलो. पाच दिवसांचा मोटारप्रवास होता. जादा औषध मोठ्या शहरातल्या हॉटेलात ठेवलं आणि लागणाऱ्या दोन बाटल्या कापडी पिशवीत घालून माझ्या पोटात ठेवल्या, वर बर्फ. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे थंडीची राखण आली.

रस्ते म्हणाल तर खडी आणि धूळ. म्हशी मधोमध उभ्या, आणि आमचा म्हातारा ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढेना. दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांची भातशेती सुंदर होती, पण दुसऱ्या दिवसानंतर ती बघायला कोणाच्या मानेत त्राण उरलं नाही. गुरुदत्त म्हणाला, "माझी हाडं मोजून घ्या रे, एखादं मागे पडलं असेल."

बर्फ कुठेच मिळेना. शेवटी गाइड लिन हिने युक्ती काढली. गावागावांत बर्फाच्या कांड्या विकणाऱ्या बायका असत आणि त्यांच्या कांड्या माझ्यासारख्याच रुंद तोंडाच्या थर्मासात असत! मिरियम दर गावी आठ-दहा कांड्या घ्यायची आणि माझ्या पोटात कोंबायची. पोरंटोरं गोळा होऊन खो-खो हसत. इतकी मोठी बाई कांड्या चाटत का नाही, हेच त्यांना कळत नसे.

तिसऱ्या संध्याकाळी एका लहानशा गेस्टहाउसमध्ये उतरलो. कांड्या वितळल्या होत्या. मिरियमने गोड पाणी ओतून दिलं, बाटल्यांची पिशवी तशीच तळाशी राहू दिली आणि म्हणाली, "अहो, आत औषध आहे बरं. उद्या पुढच्या गावात कांड्या घेऊ."

आयझॅक "हं" म्हणाला. पण मित्रांनो, दमलेल्या माणसाच्या "हं"वर कधी विसंबू नये.

पहाटे वीज नव्हती. पुढचा पल्ला लांबचा, म्हणून न्याहारी वाटेत करायची होती. आयझॅक अंधारात उठला. टेबलावर गेस्टहाउसचा, रात्रीच उकळत्या पाण्याने भरून ठेवलेला फुलाफुलांचा थर्मास होता, शेजारी मी. त्याच्या हातांनी आपलं रोजचं काम केलं. पाणी माझ्यात पडलं, थोडं त्याच्या अंगठ्यावरही पडलं. वर चहा, साखर, पावडर. मला ओरडायचं होतं, पण थर्मासाला तोंड असतं, आवाज नसतो. मी माझं काम चोख केलं. तीन तास ती उष्णता जराही कमी होऊ दिली नाही.

आठ वाजता एका झाडाखाली गाडी थांबली. आयझॅकने मला पेल्यावर कलतं केलं आणि चहाबरोबर कापडी पिशवी घरंगळत बाहेर आली. बाटल्यांमधल्या औषधाच्या, फाटलेल्या दुधासारख्या, गुठळ्या झाल्या होत्या.

जादा औषध ठेवलेलं शहरातलं हॉटेल दोन दिवसांच्या वाटेवर होतं. औषधाविना तितका वेळ मिरियमचा निभाव लागला नसता.

लिन रागाने म्हणाली, "ही त्या गेस्टहाउसच्या मुलीची करामत! पहाटे सगळ्यांचे थर्मास तीच भरते. मी तक्रार लिहिते. तिला काढूनच टाकतील."

"लिहाच," गुरुदत्त म्हणाला. "जिवाशी खेळ आहे हा!"

आयझॅक मान खाली घालून उभा होता. मिरियमने त्याच्याकडे पाहिलं.

"अहो, तुमचा अंगठा कशाने भाजलाय?"

आयझॅकने हात मागे घेतला. मग पुन्हा पुढे केला. "मीच ओतलं," तो म्हणाला. "अंधारात... हाताला सवय, मिरियम. ती मुलगी खोलीत आलीच नव्हती. लिन, तिचं नाव कुठे लिहू नका. माझं लिहा."

"कोणाचंच नको," मिरियम म्हणाली. "आधी गाडी काढा. मोठं हॉस्पिटल कुठे आहे ते बघा."

मोठं हॉस्पिटल सहा तासांवर होतं. ड्रायव्हर कुठेही थांबला नाही. दुपारी मिरियमच्या तोंडाला कोरड पडली, ती सारखी पाणी मागू लागली, मग बोलेनाशी झाली. गुरुदत्तने पूर्ण वाटेत एकही विनोद केला नाही. आयझॅक तिचा हात धरून बसला होता आणि मी रिकामा त्याच्या पायाशी गडगडत होतो.

हॉस्पिटलच्या फ्रिजमध्ये इन्सुलिन होतं. डॉक्टरीणबाईंनी काचेची सिरिंज उकळून घेतली. तिकडच्या औषधाची ताकद आपल्यापेक्षा वेगळी, म्हणून लिनमार्फत विचारून विचारून त्यांनी हिशेब केला, दोनदा तपासला आणि मग टोचलं. संध्याकाळी मिरियमने डोळे उघडले आणि म्हणाली, "गुरुदत्त, तुमची हाडं सगळी आहेत ना?" तेव्हा आयझॅक भिंतीकडे तोंड करून रडला.

घरी परतल्यावर त्याने मला घट्ट झाकण लावून बेसमेंटमध्ये, विंटर टायर्सच्या मागे ठेवून दिलं. फॅक्टरीत तो मशीनची कॉफी पिऊ लागला. घरातही केटलला हात लावीना. मी आत ओला, वर झाकण घट्ट. मला कुबट वास येऊ लागला.

सहा महिन्यांनी कपडे धुवायला आलेल्या मिरियमला मी दिसलो. तिने झाकण उघडलं. "शी! काय ही दशा!" मग तिने मला सोड्याने घासलं आणि वर नेऊन आयझॅकपुढे ठेवलं. "उद्यापासून चहा नेत जा."

"नको गं. माझ्या हातून एवढं झालं..."

"म्हणूनच तुमच्या हातात देतेय. मी काही साडेपाचला उठायची नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे आयझॅकने आधी दिवा लावला. मला उजेडासमोर धरून तो कितीतरी वेळ आत बघत राहिला. बोट फिरवून पाहिलं. मग केटल उचलली.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. काही ओतण्यापूर्वी आत डोकावून बघत जा. घरात कोणाच्या हातून चूक झाली आणि त्याने ती कबूल केली, तर त्याच्या हातातलं काम काढून घेऊ नका. आणि आम्हाला धुतलंत की लगेच झाकण लावायची घाई करू नका. आतून वाळायला आम्हाला जरा वेळ लागतो.