आठवड्याला अर्धं बोट

मित्रांनो, मी एक जुनी मालिका आहे. आठवड्यातून एकदा, तेही अर्धाच तास मी दिसायचे, पण तेवढ्यात भरपूर भाव खाऊन घ्यायचे.

माझी गोष्ट साधी होती. एक छोटं स्टेशन, एक स्टेशनमास्तर आणि दर आठवड्याला गाडी चुकलेला एक नवा प्रवासी. मास्तर काळ्या कोटाच्या खिशात हात घालून म्हणायचे, "आता पुढची गाडी सकाळी!" मग प्रवासी बाकावर बसून आपलं दुःख सांगायचा आणि मास्तर त्याला धीर द्यायचे.

माझा जन्म एका पत्र्याच्या गोदामात झाला. स्टेशन पुठ्ठ्याचं होतं आणि इंजिनाचा धूर ओलं गवत जाळून काढलेला. कपडेपटात मास्तरांचं काम करणाऱ्या नटाची खरीखुरी बायको शिवणयंत्रावर बसायची. शेजारी कपड्यांच्या गाठोड्यावर त्यांची तान्ही लेक झोपलेली असायची.

माझी वेळ झाली की न्हावी गिऱ्हाईकाची अर्धी दाढी तशीच सोडून पडद्याकडे वळायचा, आणि गिऱ्हाईकही तक्रार करायचं नाही. लोक आठवडाभर माझी वाट पाहायचे आणि त्या आठवड्यात मागचं निम्मं विसरून जायचे. त्या विसरण्यावरच माझा संसार चालला होता. तोच विनोद पुन्हा आला, तरी ओळखीचा पाहुणा आल्यासारखे ते हसायचे.

मग एके दिवशी मास्तर गेले. अचानक गेले, असंच सगळे म्हणाले. त्यांच्याशिवाय मी कसली चालणार? माझ्या टेपा कपाटात गेल्या आणि वर्षानुवर्षं धूळ खात पडल्या. अलीकडे कुणीतरी मला झाडूनपुसून इंटरनेटवर ठेवलं, तेव्हा कुठे पुन्हा उजेड दिसला.

ती तान्ही लेक आता मोठी झाली आहे. दर रविवारी ती आईला भेटायला येते. वडिलांची तिच्याजवळ एकही आठवण नाही. परवाच्या रविवारी ती नवऱ्याला घेऊन सकाळीच आली आणि टीव्हीसमोर बसली. "आज मी बाबांना पहिल्यापासून शेवटपर्यंत बघणार. एका दमात," ती म्हणाली.

मी काय एका दमात पाहण्यासाठी जन्मले होते? तिसऱ्या भागाला जावईबापू म्हणाले, "सासूबाई, या गावात एकाही माणसाला गाडी मिळत नाही का हो?" स्वयंपाकघरातून सासूबाई खळखळून हसल्या. थोड्या वेळाने ते माझं सुरुवातीचं गाणं पुढे ढकलू लागले. मी पार ओशाळले. लेकीचं मात्र माझ्याकडे लक्षच नव्हतं. "बघ ना, हसताना बाबांची मान कशी कलते! अगदी माझ्यासारखी!" ती नवऱ्याला सांगत होती.

दुपारनंतर ती पडद्याच्या आणखी जवळ सरकली. सुरुवातीला फलाटभर फिरणारे मास्तर आता खांबाला टेकून बोलत होते. पुढे बाकावर बसून. मग खुर्चीतूनच, गळ्याला मफलर गुंडाळून. गालफडं बसत चालली होती. आठवड्याआठवड्याने पाहणाऱ्या कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं. आता भागाला भाग चिकटून येत होता आणि माणूस डोळ्यांदेखत झिजत होता.

तिने मला मध्येच थांबवलं. "आई, बाहेर ये."

आई ओले हात पुसत आली.

"हे अचानक नव्हतं, आई. बाबा कितीतरी महिने आजारी होते. त्यांचा कोट तूच शिवायचीस ना? मग तुला कसं दिसलं नाही?"

आई पडद्याजवळ गेली. "कोटाची शिवण मीच आत घ्यायचे," ती म्हणाली. "आठवड्याला अर्धं बोट. विचारलं की हे म्हणायचे, 'अगं, कॅमेऱ्यात बारीक माणूस बरा दिसतो.' अर्ध्या बोटासाठी कुणी डॉक्टर गाठतं का गं? तू आज सगळं एकदम पाहिलंस. मला एका वेळी अर्धंच बोट दिसलं."

लेकीचा राग तिथेच विरला. आईला बसवायला तिने तिचा हात धरला, तर मनगट मुठीत मावून वर जागा उरली. तिने आईकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोकडे पाहिलं. त्यात आई चांगली अंगाने भरलेली होती.

"आई, तू कधीपासून अशी झालीस?"

"काही नाही गं, वय झालं. आणि तू तर दर रविवारी बघतेस मला."

"म्हणूनच दिसलं नाही," लेक म्हणाली. "उद्या डॉक्टरांकडे जायचं. मी आज इथेच राहते."

जावईबापूंनी टीव्ही बंद केला. माझे शेवटचे भाग पाहायचे राहिले. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उद्या डॉक्टर काय सांगतील, याचीच धास्ती मला लागून राहिली आहे.

मित्रांनो, मला सलग पाहू नका, अशी विनंती मी तुम्हाला करणार होते. आता ती करत नाही. मला कसंही पाहा, हसा, गाणं पुढे ढकला. घरातल्या माणसाला मात्र नुसतं कालच्याशी ताडून पाहू नका. एखादा जुना फोटो काढा, त्याच्या चेहऱ्याशेजारी धरा, आणि नीट बघा.